एलएफयूची यादी आणि अठराव्या नंबरची बाई : एचआयव्ही कार्यक्रमातले आकडे तपासायचे कुणी? (कोल्हापूर)

नोंदवही (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर जिल्ह्यात एचआयव्ही कार्यक्रमात नोंदी आणि आकडेवारीचं काम करते, बारा वर्षं झाली. आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी केंद्र), एआरटी केंद्र (एचआयव्हीच्या गोळ्या देणारं), लिंक एआरटी (त्याला जोडलेलं छोटं केंद्र), टीआय प्रकल्प (जास्त जोखमीच्या गटांसोबतचं प्रतिबंधाचं काम), सगळ्यांचे मासिक अहवाल माझ्या हाताखालून जातात. आम्ही आपसात याला ‘एम अँड ई’ म्हणतो, सरकारी कागदावर ‘सनियंत्रण व मूल्यमापन’. बाहेर कुणाला सांगितलं की ‘म्हणजे टायपिंगच ना?’ असं विचारतात. गेल्या आठवड्यात जे पाहिलं त्यानंतर गप्प बसवेना, म्हणून हा धागा.

एका केंद्रावर (कुठल्या ते लिहीत नाही) एलएफयूची यादी वाढत चालली होती. एलएफयू म्हणजे लॉस्ट टू फॉलोअप. गोळ्या सुरू झाल्या आणि पुढे माणूस गोळ्या न्यायला यायचाच थांबला, अशांची यादी. दर महिन्याला वरून निरोप यायचा, ‘एलएफयू कमी करा.’ तिथली समुपदेशक रडकुंडीला आलेली. शेवटी आम्ही दोघींनी ओपीडी संपल्यावर यादीतली पहिली वीस नावं घेतली आणि त्यांची व्हाइट कार्डं टेबलावर मांडली.

व्हाइट कार्ड म्हणजे रुग्णाची केंद्रात राहणारी नोंद. रुग्णाजवळ असतं ते ग्रीन बुक. कार्डाच्या आत प्रत्येक भेटीची एक ओळ असते: तारीख, वजन, मागच्या किती गोळ्या उरल्या, आज किती दिल्या, पुढची तारीख. ओळ इतकी लांब की फूटपट्टी लावली नाही तर डोळा खालच्या ओळीवर उतरतो आणि एकाचं वजन दुसऱ्याच महिन्याला जातं. आम्ही फूटपट्टी लावून एकेक ओळ वाचली.

वीसपैकी चौघांच्या कार्डावर गेल्याच महिन्याची भेट लिहिलेली होती. गोळ्या नेलेल्या. त्या आठवड्यात डेटा भरणारी मुलगी प्रशिक्षणाला गेली होती, भेट संगणकावर चढलीच नाही. तिघं वारलेले. त्यातल्या एकाच्या कार्डावर कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘मयत, भावानं सांगितलं’ एवढंच, रकाना कोरा. पाचजण ऊसतोडीला आलेले, हंगाम संपल्यावर बीडकडे परत गेलेले. त्यातल्या दोघांनी तिकडच्या केंद्रावर नव्या नंबरानं गोळ्या सुरू केल्याचं फोनवर कळलं. दोघांचे फोन नंबरच चुकीचे. गोळ्या खरोखर सुटलेले राहिले सहा.

त्या सहांत एक शिरोळ तालुक्यातली बाई होती. शेवटची भेट अकरा महिन्यांपूर्वीची. पहिल्याच रिंगला फोन उचलला. म्हणाली, “येणारच हुतो मॅडम. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, एक खेप चुकली. मग दुसरी चुकली. मग वाटलं, आता गेलो तर वरडतील.” तिचा नंबर बरोबर होता, पत्ता बरोबर होता, अकरा महिन्यांत कुणीही एक फोन केला असता तर ती आली असती. पण यादीत ती अठरावी. समुपदेशक दर वेळी वरून सुरुवात करायची. एकजण नुकत्याच गोळ्या नेलेला निघायचा, एकाच्या घरचे ‘ते गेले’ म्हणून रडायला लागायचे, एक नंबर तिसऱ्याच कुणाचा. अठरापर्यंत कधी पोचायचीच नाही.

मला सांगायचंय ते एवढंच. आकडा चुकीचा असला की अहवाल बिघडतो असं आपण म्हणतो. अहवालाचं मरू दे. चुकीच्या चौदा नावांच्या मागे खरी सहा माणसं लपतात. आणि त्या चौदा चुका शोधायला आम्हाला दोघींना लागले अडीच तास, एक फूटपट्टी आणि एक फोन.

मग हे आधी का झालं नाही? कारण आमच्या कार्यक्रमात आकडा खालून वर जातो, परत खाली येत नाही. महिना संपला की रजिस्टरची बेरीज करायची, अहवाल भरायचा, पुढे पाठवायचा. ज्या समुपदेशकेनं ती ओळ लिहिली तिला त्या ओळीचं पुढं काय झालं ते कधी दिसत नाही. प्रशिक्षणं होतात, नाही असं नाही. पण आजवरची बहुतेक प्रशिक्षणं ‘कुठलं बटण दाबायचं’ याची. नोंदींची संगणक प्रणाली आधी सीएमआयएस होती, २०१० च्या सुमारास सिम्स आली, आता सोच आहे. पूर्वी महिन्याची बेरीज वर जायची, आता एकेका लाभार्थ्याची नोंद संगणकावर असते, ही मोठी सुधारणा आहे आणि मी ती मनापासून मानते. पण आपल्याच केंद्राचा आकडा वाचून ‘हा असा का?’ हा प्रश्न विचारायला आम्ही कुणाला शिकवलेलं नाही.

देशपातळीवर आकडा तपासला की काय होतं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण २००७ चं. तोपर्यंत भारतात ५२ लाख एचआयव्हीबाधित आहेत असा नॅकोचा (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा) अंदाज होता. तो बराचसा सरकारी दवाखान्यांतल्या सेंटिनल केंद्रांच्या (साथीचा अंदाज घ्यायला निवडलेल्या ठरावीक केंद्रांच्या) नमुन्यांवर उभा होता. मग २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरी जाऊन एक लाखाहून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं, सेंटिनल केंद्रांची संख्याही वाढली. दोन्ही ताडून पाहिल्यावर नवा अंदाज निघाला सुमारे २५ लाख. रोग एका वर्षात निम्म्यावर आला नव्हता, आपलं मोजमाप सुधारलं होतं. त्या काळात पुष्कळ टीका झाली. मला मात्र तो कार्यक्रमाच्या इतिहासातला फार प्रामाणिक क्षण वाटतो. स्वतःचाच आकडा निम्मा करायला धैर्य लागतं.

तर मंडळी, इथं आरोग्य खात्यातले, प्रयोगशाळेतले, संस्थांमधले बरेचजण आहेत हे मला ठाऊक आहे. आपापल्या ठिकाणचं लिहा. आकडा कुठं बिघडतो आणि तो जागच्या जागी कसा सुधारतो, एवढंच.

---

रंकाळ्यावरचा | सोमवार, रात्री ११.२५

ताई, लेख वाचून गलबलून आलं. पण एक शंका आहे, राग मानू नका. मी बँकेत होतो, आता निवृत्त. आमच्याकडे ऑडिटवर इतका वेळ जायचा की गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं असायचं. एचआयव्हीच्या कामातही मोजणाऱ्यांची फौज वाढवण्यापेक्षा तोच पैसा गोळ्या आणि समुपदेशक यांच्यावर घालवला तर जास्त लोक वाचणार नाहीत का?

---

नोंदवही | सोमवार, रात्री ११.५०

काका, राग कसला, बरोबर विचारलंत. मला फौज नकोच आहे. त्या दिवशी आम्ही दोघींनी जे केलं त्याला नवीन माणूस लागला नाही. लागला तो वेळ, आणि तो कुणाच्या कामाच्या यादीतच नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर त्या याच नोंदींवर येतात. पुढच्या महिन्यांत किती डबे लागतील हे ‘सध्या गोळ्या चालू’ या आकड्यावरून ठरतं. प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा संगणकात कमी माणसं दिसली तर मागणी कमी जाते आणि एखाद्या दिवशी आलेल्या माणसाला ‘पंधरा दिवसांच्याच आहेत, परत या’ असं सांगावं लागतं. गगनबावड्याहून एसटीनं आलेल्या माणसाला. जास्त दिसली तर कपाटात गोळ्यांची मुदत संपते. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याला, २०२१ ते २०२६, केंद्रानं १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर केले. तो पैसा कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या गटासाठी जावा हे सांगायला आपल्याजवळ या रजिस्टरांशिवाय दुसरं आहे काय?

---

कात्यायनी | मंगळवार, सकाळी ६.१०

मी लॅब टेक्निशियन. सेंटिनल सर्व्हेलन्सचा विषय निघालाच आहे तर एक अनुभव लिहिते. खूप वर्षांपूर्वीचा आहे, जिल्हाही सांगत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गरोदर बायकांच्या तपासणीच्या दवाखान्यात तीन महिन्यांत ४०० नमुने घ्यायचे असतात. सिफिलिसच्या तपासणीसाठी काढलेल्या रक्तातलंच उरलेलं थोडं रक्त, वर नाव-गाव काही नाही, फक्त वय, शिक्षण, नवऱ्याचा व्यवसाय असली मोजकी माहिती. नियम एकच आणि कडक: या मुदतीत पहिल्यांदा येणारी प्रत्येक पात्र बाई ओळीनं घ्यायची. निवडायची नाही, वगळायची नाही.

मी नवीन होते. एक दिवस रजिस्टर आणि नमुन्यांची यादी समोरासमोर ठेवून पाहत होते तर एक बाई रजिस्टरात होती, यादीत नव्हती. सिस्टरना विचारलं. त्या अगदी सहज म्हणाल्या, “अगं ती पॉझिटिव्हच आहे, तिचं आपल्याला आधीच माहितीय, मग परत कशाला तपासायचं? एक नमुना वाचला.” सिस्टर कामाला वाघ होत्या. त्या बाईला बाळंतपणात सगळी मदत त्यांनीच केली. त्यांच्या मनात फसवणूक नव्हती, काटकसर होती.

आता हिशेब बघा. ४०० मध्ये ४ म्हणजे १ टक्का. ५ म्हणजे सव्वा टक्का. कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात जिल्ह्यांचे ए, बी, सी, डी असे वर्ग केले तेव्हा ‘ए’ची कसोटी होती, गेल्या ३ वर्षांत जिल्ह्यातल्या कुठल्याही प्रसूतीपूर्व केंद्रावर १ टक्क्याहून जास्त. आणि वर्गावर ठरायचं की जिल्ह्याला किती केंद्रं, किती माणसं, स्वतंत्र डापकू (जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण कक्ष) मिळणार की नाही. म्हणजे काटकसर म्हणून वगळलेल्या एका बाईनं जिल्ह्याचा वर्ग बदलू शकतो.

सिस्टरना हे मी कागदावर ४ आणि ५ लिहून दाखवलं. त्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नाही गं.” त्यानंतर त्यांच्या केंद्राची यादी मी कधी तपासली नाही. गरजच पडली नाही. दुसऱ्या सिस्टर आल्या की त्याच समजावून सांगायच्या.

मार्गदर्शक पुस्तिका त्यांच्याकडे होती हो. पुस्तिकेत ‘वगळू नये’ असं लिहिलेलंही होतं. ‘का’ ते त्या दिवशी कळलं.

---

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ९.३०

कात्यायनीताई, हे सोन्यासारखं आहे.

मी सार्वजनिक आरोग्याचा विद्यार्थी, पुण्यात. तुमच्या फूटपट्टीवरून मलावी आठवलं. आफ्रिकेतला लहानसा, गरीब देश. एचआयव्हीचं प्रमाण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. तिथं २००४ पासून मोफत एआरटीचा विस्तार सुरू झाला आणि अगदी सुरुवातीपासून एक शिस्त लावली गेली: दर तिमाहीला एक पथक प्रत्येक एआरटी केंद्रावर जायचं, पथकात प्रत्यक्ष रुग्ण बघणारे लोकही असायचे, आणि तिथल्या नर्सबरोबर बसून कार्डं आणि रजिस्टर पुन्हा मोजायचे. केंद्रानं काढलेली बेरीज आणि पथकाची बेरीज जुळते का बघायचं. चूक सापडली तर त्याच टेबलावर दुरुस्त. चांगलं काम असेल तर केंद्राला प्रमाणपत्र. संगणक बहुतेक ठिकाणी नव्हतेच. कागद, पेन आणि तिमाहीची ठरलेली भेट.

त्याच वर्षी, २००४ मध्ये, यूएनएड्सनं ‘थ्री वन्स’चं तत्त्व मांडलं. देशात एकच कृती आराखडा, एकच समन्वय करणारी संस्था, आणि एकच एम अँड ई व्यवस्था. कारण अनेक देशांत प्रत्येक देणगीदाराचा फॉर्म वेगळा असायचा आणि एकच नर्स तीन-तीन रजिस्टरं भरायची. मला वाटतं आपल्याकडे राष्ट्रीय व्यवस्था एक आहे, पण ती तिमाहीची टेबलावरची भेट हरवली आहे. येणारा माणूस तपासायला येतो, शिकवायला नाही.

---

नोंदवही | मंगळवार, सकाळी ९.५५

शेवटचं वाक्य अगदी वर्मावर. तपासणीचं पथक येणार म्हटलं की आदल्या रात्री जागून कोरे रकाने भरले जातात. मी भरणाऱ्यांना दोष देत नाही. कोऱ्या रकान्याला ओरडा बसतो, खोट्या भरलेल्या रकान्याला शाबासकी मिळते, मग माणूस काय करेल? मी आता कुठंही गेले की पहिलं वाक्य हेच म्हणते, “कोरं असेल तर कोरंच दाखवा.” विश्वास बसायला दोन-तीन भेटी लागतात.

---

भुदरगडी | मंगळवार, दुपारी १.१५

ताई मी काय खात्यातला न्हाई. माझा थोरला भाऊ हाय गोळ्यावर, धा वर्षं झाली. गडी एकदम ठणठणीत हाय, शेती करतोय. तुमी लिवलंय ते पटतंय, पर आमच्या बाजूनं बी आयका.

भाऊ कोल्हापुरात गोळ्या घेत न्हवता. मिरजंला जायाचा. कोल्हापुरात रांगंत गावातलं कोन तरी भेटल म्हनून. पहिली तपासनी तिसऱ्याच ठिकानी. आता तुमी म्हनाल एकच नंबर, एकच नोंद, आधार जोडा. आधार जोडलं की माझा भाऊ गोळ्या सोडंल, पर नाव देनार न्हाई. एकदा एका ठिकानी त्येच्या नावाची फाईल टेबलावर उघडी पडलेली, वर लाल शाईनं लिवलेलं. गावातला मानूस शेजारी उभा. त्या दिवशी भाऊ घरला आला त्यो आठ दिस बोलला न्हाई.

आकडा नीट पायजे, मान्य. पर आकड्यात मानूस उघडा पडता कामा नये.

---

नोंदवही | मंगळवार, दुपारी ३.४०

दादा, तुमच्या भावाच्या बाबतीत जे झालं ते अतिशय वाईट झालं आणि त्याला कसलंही समर्थन नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यात माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला मनाई आहे, आणि कलम ११ नं नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेवर त्या सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. तक्रारीसाठी राज्यात लोकपालाची तरतूद आहे. म्हणजे फाईल उघडी पडणं हा नुसता हलगर्जीपणा नाही, कायद्याचा भंग आहे. एम अँड ईच्या प्रशिक्षणात हे पहिल्या तासाला शिकवायला हवं. आकडे शिकवण्याआधी कपाटाला कुलूप लावायला शिकवायला हवं.

मिरजेचं तुम्ही लिहिलंत त्यावरून एक गोष्ट सांगते. तुमचे भाऊ एकटे नाहीत. कोल्हापूरचे लोक मिरज-सांगलीला जातात, निपाणी-चिकोडीकडचे आणि तळकोकणातले कोल्हापूरला येतात. कारण तेच, ओळखीचं कुणी भेटू नये. आता ९५-९५-९५ चं ध्येय घ्या. एचआयव्ही असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांना आपली स्थिती माहीत, त्यातल्या ९५ टक्क्यांना गोळ्या चालू, त्यातल्या ९५ टक्क्यांचा विषाणू दबलेला. गुणाकार केला तर शंभरातल्या ८६ जणांचा विषाणू दबला की ध्येय गाठलं. ऐकायला सोपं. पण पहिल्या ९५ चा छेद, म्हणजे जिल्ह्यात एकूण किती जणांना एचआयव्ही आहे, ही मोजलेली संख्या नसते. तो स्पेक्ट्रम नावाच्या संगणकीय मॉडेलमधून निघालेला अंदाज असतो. अंश येतो आपल्या रजिस्टरातून. अंशात निपाणीचा माणूस येतो, छेदात तो कर्नाटकात असतो. तुमच्या भावासारख्यांची तीन ठिकाणी तपासणी झाली की अंशात तो तीनदा येऊ शकतो. मग एखाद्या जिल्ह्याची टक्केवारी शंभराच्या वर जाते आणि शेजारच्या जिल्ह्याला बोलणी बसतात. दोन्हीकडचे लोक आपापलं काम नीटच करत असतात.

म्हणून माझं म्हणणं, जिल्ह्याच्या टक्केवारीवर कुणालाही शाबासकी किंवा शिक्षा देऊ नका. राज्याच्या पातळीवर तो अंदाज बरा चालतो. जिल्ह्यात विचारायचा प्रश्न वेगळा: मागच्या वर्षी आपल्याकडे सुरू झालेल्यांपैकी आज किती जण गोळ्या घेतायत? याचा अंश आणि छेद दोन्ही आपल्याच कपाटात असतात.

आधारबद्दल मी तुमच्याच बाजूची. माणूस गमावून मिळालेला स्वच्छ आकडा मला नको.

---

भुदरगडी | मंगळवार, दुपारी ४.०५

बरं वाटलं वाचून. भावाला दाखवतो संध्याकाळी.

---

ऊसपट्टा | मंगळवार, रात्री ८.५०

मी साखर कारखान्याच्या शेती विभागात आहे. ऊसतोड मजुरांचा उल्लेख आला म्हणून. आमच्याकडे टोळीची नोंद ‘कोयत्या’वर असते, एक कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी. मुकादमाकडे प्रत्येक कोयत्याचं नाव, गाव, उचल, सगळं लिहिलेलं असतं. तुमच्या नोंदींपेक्षा पक्कं, कारण त्यात पैसा गुंतलेला असतो. ही यादी आरोग्य खात्याला मिळाली तर कोण कुठं गेलं ते शोधणं सोपं जाईल. हवं तर मी वरिष्ठांशी बोलतो.

---

नोंदवही | मंगळवार, रात्री ९.३०

तुमची तळमळ कळते, आभार. पण यादी नको. आमच्याकडून एक नाव जरी मुकादमापर्यंत गेलं तर त्या जोडीला पुढच्या वर्षी उचल मिळणार नाही, खोप सुद्धा वेगळी टाकायला लावतील.

उलट दिशेनं मदत करा. कारखान्याचा पट्टा कधी पडणार, म्हणजे हंगाम संपून गाळप कधी थांबणार, हे तुम्हाला दोन-तीन आठवडे आधी कळतं. तेवढी तारीख आम्हाला कळवा. ती कळली तर समुपदेशक ऊसतोडीला आलेल्या प्रत्येकाला आधीच बोलावून तीन महिन्यांच्या गोळ्या देऊ शकते आणि गावाजवळच्या केंद्राला रीतसर ट्रान्स्फर-आउट करू शकते. कोविडच्या काळात एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या द्यायची पद्धत वाढली ती इथं फार उपयोगी पडते. आज होतं असं की एक दिवस अचानक टोळ्या उठतात, ट्रॅक्टर निघतो, आणि आमच्या रजिस्टरात पाच माणसं ‘हरवतात’. ती हरवलेली नसतात, बीडला घरी गेलेली असतात.

---

ऊसपट्टा | मंगळवार, रात्री ९.४२

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पट्टा पडायच्या तारखेत गुपित काही नाही. यंदा नक्की कळवतो, आणि शेजारच्या दोन कारखान्यांतल्या मित्रांनाही सांगतो.

---

वाटचाल | बुधवार, सकाळी ७.२०

मी इचलकरंजीच्या बाजूला टीआय प्रकल्पात ओआरडब्ल्यू (आउटरीच वर्कर, वस्तीत फिरून संपर्क ठेवायचं काम) आहे. आमच्या पीअर तायांपैकी (ज्यांच्यासाठी प्रकल्प, त्यांच्यातल्याच कार्यकर्त्या) दोघींना लिहिता-वाचता येत नाही. तरी त्यांच्या नोंदी माझ्या नोंदींपेक्षा चोख. त्यांच्याकडे चित्रांचं कॅलेंडर आहे. भेट झाली की एक खूण, तपासणीला आली की दुसरी, आजारी दिसली की तिसरी. महिनाअखेर त्या स्वतःच कॅलेंडर पसरतात आणि सांगतात, “ही दोन महिने दिसली नाही, ही नवी आली, हिला मारहाण चाललीय.” ही चित्रांची पद्धत २००३ साली सुरू झालेल्या ‘आवाहन’ या मोठ्या प्रकल्पात बरीच रुजली. महाराष्ट्रासह सहा राज्यांत तो होता.

या तायांना कधी एलएफयू सांगावं लागत नाही. कोण दिसलं नाही हे त्यांना त्याच आठवड्यात ठाऊक असतं. नोंद त्यांच्या स्वतःच्या उपयोगाची आहे म्हणून ती खरी राहते. आम्ही मात्र तिच्यावरून एक्सेल करतो, एक्सेलवरून अहवाल करतो, आणि वरती पोचतो तो फक्त ‘एकूण संपर्क’.

---

कुरुंदवाड_घाट | बुधवार, दुपारी १२.३०

थोडं वेगळं, पण नोंदींचंच. ऑगस्ट २०१९ चा महापूर. आमच्या भागात पाणी माळ्यापर्यंत. एका छोट्या केंद्रातली रजिस्टरं पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही चौघं शाळेच्या व्हरांड्यात पानं एकेक करून सुटी करत होतो, मधे वर्तमानपत्राचा कागद घालून. जेल पेननं लिहिलेलं सगळं निळं पाणी झालेलं. साध्या बॉलपेननं लिहिलेलं जसंच्या तसं वाचता येत होतं. एका पानावर निम्म्या ओळी एका हातच्या, निम्म्या दुसऱ्या हातच्या. निम्मी माणसं वाचली, निम्मी पुसली गेली.

पुसली गेलेली माणसं परत मिळाली ती त्यांच्या ग्रीन बुकांवरून. छावणीत आलेल्या बायकांनी कागदपत्रांच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर ते पुस्तक जपून आणलं होतं. त्यांच्या पुस्तकावरून आम्ही आमचं रजिस्टर पुन्हा लिहिलं.

तेव्हापासून आमच्याकडे फक्त बॉलपेन. आणि जूनच्या आधी रजिस्टरं वरच्या मजल्यावर.

---

कात्यायनी | बुधवार, दुपारी १.००

बॉलपेनचं आजच सगळ्यांना सांगते.

---

रंकाळ्यावरचा | बुधवार, रात्री १०.००

ताई, पहिल्या दिवशीचा माझा प्रश्न मी मागे घेतो. आमचा ऑडिटर आमचं काम थांबवून स्वतःचं काम करायचा. तुम्ही सांगताय ते म्हणजे कॅशियरनंच संध्याकाळी गल्ला जुळवणं. ते आम्ही रोज करायचो आणि त्याला कधी ऑडिट म्हटलं नाही. गल्ला जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. एक विचारू? आठवड्याला किती कार्डं तपासली तर पुरे?

---

नोंदवही | बुधवार, रात्री १०.२०

काका, गल्ल्याची उपमा मी उद्यापासून वापरणार.

आम्ही ठरवलंय ते असं. दर मंगळवारी ओपीडी संपल्यावर दहा कार्डं. पाच एलएफयूच्या यादीतली, पाच ‘गोळ्या चालू’ यादीतली, कुठलीही उचलून. फक्त हरवलेल्यांची तपासली तर एकाच बाजूच्या चुका सापडतात. प्रत्येक कार्डावर तीनच गोष्टी पाहायच्या: शेवटच्या भेटीची तारीख कार्डावर आणि संगणकात एकच आहे का, दिलेल्या गोळ्या पुढच्या तारखेपर्यंत पुरतात का, आणि फोन लागतो का. सापडलेली चूक तिथंच दुरुस्त. किती चुका सापडल्या ते केंद्राच्याच वहीत लिहायचं, वर पाठवायचं नाही. ही वही भीती न वाटता लिहिता आली पाहिजे.

---

दवाखान्याची_पायरी | पुढचा मंगळवार, सायंकाळी ६.४५

नोंदवहीताई, मी दुसऱ्या तालुक्यातली समुपदेशक. इथं कधी लिहीत नाही, वाचते. धागा वाचून आज पहिली दहा कार्डं काढली. सहा जुळली. दोघांच्या गोळ्या आणि तारीख जुळत नव्हती. एकाचा फोन बदललेला.

दहावं कार्ड ‘मयत’ शेरा असलेलं होतं. ते यादीत कुठून आलं माहीत नाही, तरी नातेवाइकांशी बोलावं म्हणून फोन लावला. त्यानं स्वतःच उचलला. मला क्षणभर सुचेना काय बोलावं. त्याचं नाव आणि आडनाव दोन्ही आमच्याकडे खूप जणांचं आहे. सात महिन्यांपूर्वी आला होता तेव्हा त्याला कुणीतरी सांगितलं होतं, ‘तुमचं नाव यादीत दिसत नाही, नंतर या.’ तो परत आला नाही. वजन कमी झालंय म्हणतो, खोकला आहे. उद्या बोलावलंय. शेरा बदलून घ्यायला अर्ज आजच लिहिलाय. अजून काय करू?

---

नोंदवही | पुढचा मंगळवार, सायंकाळी ७.०५

अर्जाची वाट बघू नका. उद्या आला की आधी डॉक्टरांकडे न्या, खोकला आहे म्हणजे टीबीची तपासणी उद्याच, सीडी४ (प्रतिकारशक्तीची) पण. नोंद मागून दुरुस्त होईल. यायला गाडीभाड्याची अडचण असेल तर आत्ताच विचारून ठेवा.

आणि अजून एक कार्ड शोधा. त्याच नावाचा जो खरोखर वारला, तो बहुतेक अजून ‘गोळ्या चालू’ यादीत असेल.